शब्दचर्चा: ‘ह्मोंग’ आणि ‘मंगोल’ यांचं नातं आहे का? मराठीत नाव कसं लिहावं?

काना_मात्रा:
लाओसमधल्या डोंगराळ भागातल्या लोकांवरच्या एका लेखाचा अनुवाद चालू आहे. त्यांचं नाव कुठे ‘हमोंग’, कुठे ‘ह्मोंग’, कुठे नुसतं ‘मोंग’ दिसतं. लेखात असंही म्हटलंय, की हे लोक मुळात मंगोलियातून आले आणि म्हणून नाव मंगोलशी जुळतं. हे खरं आहे का? आणि मराठीत कोणतं रूप ठेवावं?

ओळंबा:
नावं जुळतात, एवढंच. फ्रेंच मिशनरी साविना यांनी १९२४ साली या लोकांचा इतिहास लिहिताना त्यांचं मूळ पार उत्तरेकडे नेलं आणि त्या वाटेत मंगोलियाही आणला. तेव्हापासून ही समजूत फिरते आहे. भाषेचा पुरावा तिच्या विरुद्ध आहे. ह्मोंग ही ह्मोंग-मिएन कुळातली. तिच्या बहिणी दक्षिण चीनमध्ये, व्हिएतनाम, लाओस, थायलंडच्या डोंगरांत बोलल्या जातात. मंगोल भाषेचं कूळच वेगळं.

एक ते पाच आकडे शेजारी ठेवले तरी पुरे. ह्मोंग: इ, ऑ, पे, प्लाउ, ची. मंगोल: नेग, खोयर, गुरव, दोरोव, ताव. कुठे काही जुळत नाही. ते वाक्य अनुवादात ठेवावंच लागलं, तर खाली टीप जरूर द्या.

आता नाव. ‘हमोंग’ नको, कारण त्यात ‘ह’ सुटा उच्चारला जातो आणि एका अक्षराची दोन अक्षरं होतात. मूळ ध्वनी एकच आहे, अघोष ‘म’. ओठ मिटायचे, घसा थरथरू न देता नाकातून श्वास सोडायचा आणि मग स्वर काढायचा. गळ्यावर बोट ठेवून पाहा: ‘म्हैस’ म्हणताना ‘म्ह’ला गळा थरथरतो, ह्मोंगमध्ये सुरुवातीला थरथरत नाही. तरी मराठी कानाला सगळ्यांत जवळचा ‘म्ह’च आहे. इंग्रजी वाचकाकडे तेवढीही सोय नाही. शेवटचा ‘ग’ही ऐकू येत नाही, ‘वाङ्मय’मधल्या ‘ङ’वर शब्द थांबतो.

‘मोंग’ हीसुद्धा चूक नव्हे. पांढऱ्या ह्मोंग बोलीत हा अघोष ‘म’ आहे, हिरव्या बोलीत नाही. ते लोक स्वतःला ‘मोंग लेंग’ म्हणवतात. त्यामुळे लेख कोणत्या गटाबद्दल आहे ते आधी पाहा.

काना_मात्रा:
मूळ लेखात काही ह्मोंग शब्द रोमन लिपीत आहेत. नावाचंच स्पेलिंग एच-एम-ओ-ओ-बी असं आहे. ते ‘ह्मूब’ वाचायचं का?

तळटीप:
नाही, आणि लिप्यंतरात नेमकी हीच चूक सगळ्यांत जास्त होते. १९५१ ते १९५३ या काळात लाओसमध्ये ही रोमन लेखनपद्धती तयार झाली. वर-खाली कसल्याही खुणा नकोत, साध्या टंकलेखन यंत्रावर लिहिता यावं, अशी तिची रचना आहे. ह्मोंगमध्ये अक्षराचा सूर बदलला, की अर्थ बदलतो. तो सूर दाखवायला शब्दाच्या शेवटी व्यंजन लिहितात. ते व्यंजन उच्चारायचं नसतं.

‘पॉ’ या एकाच अक्षराचं पाहा. शेवटी बी आला तर सूर उंच, अर्थ गोळा. जे म्हणजे उंचावरून घसरणारा, अर्थ मादी. व्ही म्हणजे चढता, अर्थ फेकणे. काहीच नसेल तर मधला सूर, अर्थ प्लीहा. एस म्हणजे खालचा, अर्थ काटा. जी म्हणजे श्वास मिसळलेला, अर्थ वडिलांची आई. एम म्हणजे खाली जाऊन गळ्यात तुटणारा, अर्थ पाहणे. अनुवादात ‘पोब’, ‘पोज’, ‘पोग’ असं काही दिसलं, की समजायचं, सुराची खूण व्यंजन म्हणून वाचली गेली.

दोनदा लिहिलेला स्वर म्हणजे शेवटी ‘ङ’. म्हणून डबल ओ + बी म्हणजे ‘ऑङ’, उंच सुरात.

व्यंजनांत मराठी माणसाला आयती मदत आहे. तिथला ‘आर’ म्हणजे आपला ‘ट’, ‘आर-एच’ म्हणजे ‘ठ’. सहा या आकड्याचं स्पेलिंग आर-ए-यू, उच्चार ‘टाउ’. ‘टी-एक्स’ म्हणजे ‘चोर’मधला दंततालव्य ‘च’. नुसता ‘एक्स’ म्हणजे ‘स’. ‘पी-एच’ आणि ‘टी-एच’ सरळ ‘फ’ आणि ‘थ’, पण ‘फ’ ओठ जुळवूनच म्हणा.

काना_मात्रा:
मंगोलमध्येही सूर असतात का?

ओळंबा:
नाहीत. तिथे सांभाळायची ती स्वराची लांबी: ‘त्सस’ म्हणजे बर्फ, ‘त्सास’ म्हणजे कागद. आणि स्वरमेळ, म्हणजे प्रत्ययाचा स्वर मूळ शब्दाकडे पाहून ठरतो. आपल्या ‘-हून’च्या कामाचा एकच प्रत्यय घ्या. ‘गेर’ म्हणजे घर, ‘गेरेस’ म्हणजे घरून. ‘आव’ म्हणजे वडील, ‘आवास’ म्हणजे वडिलांकडून. ‘मोंगोल’ला (‘मंगोल’चा तिथला उच्चार) लागताना तो ‘-ओस’ होतो.

वाक्यरचनेत तर मंगोल मराठीच्या अंगणातली वाटते. ‘बि गेरेस इरसेन’ म्हणजे शब्दाला शब्द ‘मी घरून आलो’. विभक्ती नामाला, काळ क्रियापदाला, क्रियापद शेवटी. ‘येऊन’साठी ‘इरेद’ असं एकच रूप आहे. नातं मात्र यातून सिद्ध होत नाही. असा क्रम जगातल्या कितीतरी भाषांत आहे.

ह्मोंगमध्ये ‘कु नॉ मॉ’ म्हणजे मी-खाणे-भात, अर्थात ‘मी जेवतो’. जेवून झालं असेल तर शेवटी ‘लाउ’सारखा वेगळा शब्द येतो, ‘नॉ’ तसाच राहतो. मोजताना वर्गदर्शक शब्द लागतोच: घराला ‘लु’, माणसाला ‘तु’. आपल्या ‘चार जण’मधल्या ‘जण’सारखा, पण प्रत्येक वस्तूसाठी. विशेषण नामाच्या मागून येतं.

तळटीप:
उसनवारीचीही भर घालतो, कारण मंगोलचा आपल्याशी संबंध आहे तो तिथेच. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत शब्द मंगोलमध्ये गेले: मंगळ ‘अंगारग’ (आपल्या अंगारकीतला अंगारक), बुध ‘बुद’, गुरू ‘बार्खस्बाद’, शनी ‘सान्चिर’. १६८६ साली मंगोल बौद्ध धर्मगुरू झानाबझार यांनी तयार केलेल्या लिपीचं नाव ‘सोयोम्बो’, म्हणजे स्वयंभू; त्या लिपीतलं चिन्ह आज मंगोलियाच्या झेंड्यावर आहे. उलट दिशेने ‘दारोगा’ हा शब्द मंगोलमधून फारसीत आणि तिथून आपल्याकडे आला. मंगोलियात ‘दारग’ म्हणजे आजही वरिष्ठ अधिकारी. ह्मोंगमध्ये उसने शब्द मुख्यतः चिनी आणि लाओ भाषांतून आले.

काना_मात्रा:
मग लेखात ‘म्होंग’ ठेवू का?

ओळंबा:
ठेवा. पहिल्या उल्लेखात कंसात ‘ह्मोंग’ द्या, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. ‘मंगोल’ मराठीत रुळलेला आहे, त्याला हात लावू नका. आणि चीनविषयीच्या परिच्छेदात ‘मियाओ’ आलं, तर ते सरसकट ‘म्होंग’ करू नका. ‘मियाओ’ या सरकारी नावाखाली एकमेकांना न समजणाऱ्या भाषा बोलणारे इतर गटही येतात.