शब्दचर्चा : ‘जाईल का?’ की ‘जाणार का?’ (कॉलेज फुटबॉलच्या प्रशिक्षकाच्या निमित्ताने)

प्रश्न : ॲन आर्बर, मिशिगन

नमस्कार मंडळी. इथल्या मराठी घरांसाठी आम्ही काही जणी दर तीन महिन्यांनी एक छोटा अंक काढतो. या वेळी मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे माजी प्रशिक्षक जिम हार्बॉ यांच्यावर लेख आहे आणि त्याच्या मथळ्यापाशी माझं चार दिवस घोडं अडलं आहे.

गोष्ट जानेवारी २०२४ ची. ८ तारखेला ह्यूस्टनमध्ये मिशिगनने वॉशिंग्टन विद्यापीठाला ३४–१३ असं हरवलं. हंगामातले पंधराच्या पंधरा सामने जिंकून १९९७ नंतर पहिल्यांदा राष्ट्रीय विजेतेपद घरी आलं. गाव आनंदाने वेडं झालं होतं, पण त्याच आठवड्यात वाण्याच्या दुकानात, शाळेच्या बसथांब्यावर, जिथे जावं तिथे एकच विषय : आता हे आपल्याला सोडून एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या लीगमध्ये, जाणार का? माणूस इथलाच. वडील याच विद्यापीठात सहायक प्रशिक्षक होते, स्वतः हार्बॉ इथेच क्वार्टरबॅक म्हणून, म्हणजे चढाईचा सूत्रधार खेळाडू म्हणून, खेळले. २०११ मध्ये स्टॅनफर्ड सोडून सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघाकडे गेले. २०१३ चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, सख्ख्या भावाच्या संघाकडून तीन गुणांनी हरले. २०१५ मध्ये परत घरी आले. मग २०२२ मध्ये मिनेसोटाच्या व्यावसायिक संघाला मुलाखत देऊन आले, पण राहिले. त्यामुळे ‘या वेळीही राहतील’ असं म्हणणारे खूप होते. अखेर २४ जानेवारीला लॉस एंजेलिसच्या चार्जर्स या एनएफएल संघाने त्यांची नेमणूक जाहीर केली.

लेखाला आलेला मथळा असा : ‘यशस्वी महाविद्यालयीन प्रशिक्षक उच्च व्यावसायिक श्रेणीत बढती घेईल का?’ एकही शब्द चुकीचा म्हणता येत नाही, पण असं मराठी कोणी बोलत नाही. इंग्रजीत तिथे ‘प्रोफेशनल रँक्स’ होतं. माझे प्रश्न : ‘श्रेणी’ आणि ‘बढती’ बरोबर आहे का? ‘व्यावसायिक’ला दुसरा शब्द आहे का? आणि ‘घेईल का’, ‘जाईल का’, ‘जाणार का’ यांतलं नेमकं काय?

प्रतिसाद : पुणे

ताई, आधी सोपं उरकते. ‘महाविद्यालयीन’ काढून टाका. आपल्याकडे अकरावी-बारावीचंही महाविद्यालय असतं, आणि मिशिगनच्या मैदानात एक लाखाहून जास्त माणसं बसतात. ‘विद्यापीठाचा संघ’ म्हटलं की चित्र उभं राहतं.

‘रँक्स’ म्हणजे इथे श्रेणी नव्हे. सैन्यातली रांग, फळी, त्यावरून ‘अमक्या लोकांचा समुदाय’ असा तो अर्थ. आपण ‘मोठ्यांच्या पंगतीत जाऊन बसला’ म्हणतो, त्याच्या जवळचा. भाषांतर करणाऱ्याने ‘श्रेणी’ घेतली, मग श्रेणीला ‘उच्च’ जोडणं आलं, आणि उच्च श्रेणीत माणूस ‘बढती’ घेऊनच जाणार. एका शब्दाने पुढचे दोन ओढून आणले.

‘व्यावसायिक’ मला चालेल, फक्त ‘व्यवसायिक’ छापू नका, ‘व्या’ला काना हवाच. ‘धंदेवाईक’ शब्दाला आता वाईट वास लागला आहे. ‘हौशी’ आणि ‘व्यावसायिक’ ही जोडी मराठी वाचकाला रंगभूमीमुळे घरची वाटते, पण ती या बाबतीत फसवी आहे. खेळाडू हौशी आणि प्रशिक्षक पगारी, अशीच तिथली रीत कित्येक दशकं होती. अमेरिकेच्या अनेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सगळ्यात जास्त पगार विद्यापीठाच्या प्रशिक्षकाचा असतो. अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक निक सेबन यांना शेवटच्या वर्षांत वर्षाला एक कोटी डॉलरहून जास्त मिळत होते. असा माणूस व्यावसायिक ‘होणार’ कसा? तो आहेच. शिवाय जुलै २०२१ पासून खेळाडूंनाही स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट मोबदला देऊ शकतात. म्हणजे ‘हौशी’ त्या बाजूनेही उरलं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. ‘ती लग्नाला येईल’ हा अंदाज आहे. ‘ती लग्नाला येणार आहे’ म्हटलं की तिचं ठरलेलं आहे, तिकीटसुद्धा काढलं असेल. म्हणून जोवर गाव तर्क करतं आहे तोवर ‘जाईल का’, आणि त्या माणसाच्या मनात काय आहे ते विचारायचं असेल तर ‘जाणार का’. गंमत नकारात आहे. ‘येईल नाही’ असं मराठीत म्हणताच येत नाही. ‘येईल’चा नकारही ‘येणार नाही’ आणि ‘येणार’चा नकारही ‘येणार नाही’. होकारात अंदाज आणि निर्धार वेगळे ठेवणारी भाषा नकारात दोघांना एकाच खोलीत झोपवते.

म्हणूनच मला सेबन यांचं एक वाक्य नेहमी आठवतं. विद्यापीठात विजेतेपद मिळवून ते मायामी डॉल्फिन्स या एनएफएल संघाकडे गेले होते. तिथल्या दुसऱ्याच हंगामात अलाबामा त्यांना बोलावणार अशी बोलवा उठली. २१ डिसेंबर २००६ रोजी त्यांनी पत्रकारांना सांगितलं, ‘मी अलाबामाचा प्रशिक्षक होणार नाही.’ ३ जानेवारी २००७ रोजी त्यांनी अलाबामाचं पद स्वीकारलं. तेरा दिवस. इंग्रजीतलं ते वाक्य निर्धाराचंच होतं. पण मराठीत ते छापलं तर ‘बहुधा होणार नाही’ असा बचाव करायला जागा राहते. बातमीत असं वाक्य आलं तर मी ‘होणार नाही, असे ठामपणे सांगितले’ लिहीन. आपल्या नकारात नसलेला ठामपणा शब्दाने घालावा लागतो.

प्रतिसाद : कोल्हापूर

पुण्याच्या ताईंनी नकाराचं छान उलगडून दाखवलं, पण अंदाजाचा नकार मराठीत नाही हे मला मान्य नाही. आहे की! ‘तो काही यायचा नाही.’ ‘पाऊस आज पडायचा नाही.’ यात कुणाचा निर्धार नसतो, बोलणाऱ्याचा अंदाज असतो. तेव्हा ॲन आर्बरच्या लोकांच्या मनातलं मराठीत सांगायचं तर ते ‘हार्बॉ काही जायचे नाहीत’ असंच होईल. आमच्याकडे अजून सर्रास बोलतात, छापायला मात्र लोक लाजतात.

ताई, तुम्ही ‘प्रशिक्षक’ शब्दाबद्दल विचारलंच नाहीत, आणि मला वाटतं घोडं तिथेच अडलं आहे. कोल्हापुरात फुटबॉल खेळणाऱ्या कितीतरी संघांच्या नावात ‘तालीम मंडळ’ आहे. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. चेंडू गोल, खेळ वेगळा, पण शब्द आखाड्याचा. मी लहानपणी तालमीत होतो. आमचे वस्ताद पहाटे चारला काठी घेऊन दारात उभे. कुणी किती जोर मारले हे ते मोजत नसत, कुणी रात्री दूध प्यायलं नाही ते तोंड बघून ओळखत. पोरगं जत्रेत हेरायचं, त्याच्या घरी जाऊन आईच्या हातची भाकरी खायची, ‘हे पोरगं माझ्याकडं द्या’ म्हणायचं आणि मग चार-पाच वर्षं ते पोरगं त्यांचं. त्याला ‘अमक्या वस्तादांचा पठ्ठा’ म्हणायचं.

अमेरिकेतल्या विद्यापीठाचा मोठा प्रशिक्षक हेच काम करतो. सतरा वर्षांच्या पोराच्या घरी जाऊन जेवतो, आईबापाला शब्द देतो. हार्बॉ तर २०१६ च्या जानेवारीत एका होतकरू किकरच्या (चेंडूला लाथ मारून गुण मिळवणाऱ्या खेळाडूच्या) घरी रात्री मुक्कामालाच राहिले होते. ज्याची हेरायची नजर आणि जीव लावायची हातोटी मोठी, त्याच्याकडे चांगली पोरं जातात, तो जिंकतो, म्हणून आणखी चांगली पोरं येतात. असा तो वस्ताद.

एनएफएलमध्ये यातलं काहीच चालत नाही. बत्तीस संघ, प्रत्येकाकडे ५३ खेळाडू. नव्या पोरांची निवड क्रमाने होते आणि सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाला पहिली पाळी मिळते. पगारावर सगळ्यांना सारखी मर्यादा. कुणाला घ्यायचं हे बहुतेक ठिकाणी दुसराच अधिकारी ठरवतो. खेळाडू लग्न झालेला, लेकरंबाळं असलेला, आणि क्वार्टरबॅकचा पगार प्रशिक्षकाच्या कितीतरी पट. त्याच्या घरी जाऊन भाकरी खाल्ली म्हणून तो तुमच्याकडे येत नाही. सेबन मायामीत असताना, २००६ मध्ये ड्रू ब्रीझ हा क्वार्टरबॅक त्यांच्या हाताशी आला होता. खांदा दुखावलेला, डॉक्टरांनी धोक्याचं सांगितलं आणि मायामीने त्याला घेतलं नाही. तो न्यू ऑर्लिन्सला गेला आणि २०१० च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकला. मायामी त्या हंगामात सहा सामने जिंकली, दहा हरली. पुढे अलाबामात सेबन यांनी सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. माणूस तोच, अक्कल तीच. वस्तादाचं काम आणि नेमलेल्या प्रशिक्षकाचं काम, ही दोन कामं आहेत. म्हणून ‘बढती’ शब्दाला माझा जोरदार विरोध. फ्लोरिडा विद्यापीठाचे स्टीव्ह स्पर्रिअर २००२ मध्ये वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघाकडे गेले, दोन हंगामांत बारा सामने जिंकले, वीस हरले आणि पद सोडलं. विद्यापीठांत नाव कमावलेले अर्बन मायर २०२१ मध्ये जॅक्सनव्हिलच्या व्यावसायिक संघात जेमतेम तेरा सामने टिकले, मग काढले गेले. याला बढती म्हणायचं?

आमच्या वस्तादांना एकदा दुसऱ्या तालुक्यातल्या एका साखर कारखान्याने बोलावलं. पगार, राहायला खोली, कारखान्याचे तयार मल्ल. सगळी पेठ म्हणत होती, ‘वस्ताद काही जायचे नाहीत.’ ते गेले. आम्ही अंगाला तांबडी माती लागलेलीच उघड्या अंगाने रस्त्यापर्यंत धावलो होतो, एसटी वळणावरून दिसेनाशी झाली तोवर उभे होतो. खूप राग आला होता तेव्हा. पण आज ही चर्चा वाचताना ध्यानात आलं, ‘मी जाणार नाही’ असं वस्ताद कधीच म्हणाले नव्हते. ‘जायचे नाहीत’ हे आमचं होतं.

प्रतिसाद : डॅलस

काका, वाचताना गळा दाटला. पण एक भर घालू द्या, कारण मी ज्या गावात राहतो तिथे ‘बढती’ म्हटलं तर कुणी हसणार नाही. जिमी जॉन्सन मायामी विद्यापीठातून १९८९ मध्ये इथल्या व्यावसायिक संघाकडे आले. पहिल्या हंगामात सोळापैकी एक सामना जिंकले. चार वर्षांनी सुपर बोल, लगेच पुढच्या वर्षी दुसरा. पीट कॅरल यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ सोडून सिएटलचा व्यावसायिक संघ गाठला आणि २०१४ च्या सुपर बोलमध्ये डेन्व्हरला ४३–८ ने धुतलं. हार्बॉ यांनीही चार्जर्सना पहिल्याच वर्षी पाच विजयांवरून अकरावर नेलं. दोन कामं वेगळी असली तरी काही जणांना दोन्ही येतात. म्हणून मथळ्यात ‘वळणे’ वापरावं असं वाटतं : ‘व्यावसायिक फुटबॉलकडे वळतील का?’ वर की खाली, हे वाचक ठरवेल.

आणि कृपा करून ‘सोडचिठ्ठी’ नको. वर्तमानपत्रं पक्ष बदलणाऱ्यापासून प्रशिक्षकापर्यंत सगळ्यांच्या हातात तीच देतात. माझ्या मते तो शब्द एकाच माणसाला शोभतो. बॉबी पेट्रिनो २००७ च्या डिसेंबरात, हंगामाचे तीन सामने बाकी असताना, अटलांटाचा व्यावसायिक संघ सोडून आर्कान्सा विद्यापीठाकडे गेले आणि खेळाडूंसाठी लॉकरमध्ये चार ओळींची चिठ्ठी ठेवून गेले. तिथे संघ सुटला आणि चिठ्ठीही होती.

प्रतिसाद : ॲन आर्बर, मिशिगन

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद मी रात्री घरात मोठ्याने वाचून दाखवला. आमच्या लेकीचा जन्म इथला, मराठी समजतं पण बोलताना अडखळते. ती म्हणाली, ‘वस्ताद म्हणजे कोच, पण घरी येणारा.’ लेखात तिचं हे वाक्य जसंच्या तसं घेतलं आहे.

डॅलसच्या दादांचं ‘वळणे’ लेखाच्या पोटात वापरते आहे, पण मथळ्यासाठी नाही. वळणं शांतपणे होतं, आणि इथे त्या पंधरवड्यात कुणीच शांत नव्हतं. समोरच्या घरातल्या आजोबांनी अंगणात निळा-पिवळा झेंडा लावला होता. रोज सकाळी बर्फ उपसताना मला हाक मारून सांगायचे की हा काही जायचा नाही. अर्थात ते इंग्रजीत सांगायचे, पण आज कळलं की मी ते मराठीत असंच ऐकत होते. नेमणुकीची बातमी आली त्या दिवशी त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं आणि नुसती मान हलवली. झेंडा मात्र काढला नाही.

मथळा ठरला : ‘हार्बॉ काही जायचे नाहीत!’ खाली बारीक अक्षरात ‘२४ जानेवारी २०२४ पर्यंतचे पंधरा दिवस’. ‘श्रेणी’, ‘बढती’, ‘महाविद्यालयीन’ तिन्ही गेले. पुण्याच्या ताई, ‘व्यावसायिक’ पाच ठिकाणी होता, त्यातले दोन काना नसलेले निघाले. दुरुस्त केले आहेत. अंक शुक्रवारी छपाईला जातोय.