बंगला की बंगलो?

इंग्लंडमधल्या भाचीनं 'बंगलो घेतला' म्हणून कळवलं आणि ताई हरखली. फोटो आला तर काय, बैठं घर! "वरचा मजला कुठाय गं?" हा तिचा पहिला प्रश्न. तिकडे जिना नाही म्हणूनच ते बंगलो. गुडघे धरलेली म्हातारी माणसं ते मुद्दाम शोधतात. आपल्याकडे मात्र कंपाउंड, फाटक आणि स्वतंत्र भिंती असल्या की झाला बंगला, मग मजले दोन असोत की तीन.

शब्द मुळात बंगालचा. बंगला म्हणजे बंगाली धाटणीचं. तिथल्या झोपडीला बांबू वाकवून केलेलं गवती छप्पर असायचं, मधे उंच आणि दोन्ही टोकांना खाली झुकलेलं, म्हणजे पावसाचं पाणी साचत नाही. मुघलांना हा बाक इतका आवडला की त्यांनी तो दगडात उतरवला. आग्र्याच्या किल्ल्यात किंवा लाहोरच्या नौलखा मंडपात छताची कड नीट बघा, ती झोपडीच दिसेल.

कंपनीच्या इंग्रजांनी सतराव्या शतकात शब्द उचलला. शेवटचा 'ओ' गुजरातीचा (घोडो, बंगलो) असं कोशकार मानतात. कंपनीची वखार सुरतेला होती, तेव्हा पटण्यासारखं आहे. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात त्याची रीतसर नोंद आहे. इंग्लंडात तशी घरं उभी राहिली ती १८७० च्या आसपास, केंटच्या किनाऱ्यावर. रोझेटी हा कवी-चित्रकार १८८२ मध्ये तिथल्याच बर्चिंग्टनच्या एका बंगल्यात वारला.

माझा मुद्दा पुढेच आहे. बंगला आणि बंगलो हे एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत असं म्हणून भागत नाही, मराठीत ते आता दोन शब्द आहेत. विभक्ती लावून बघा. बंगला, बंगले, बंगल्यात, बंगल्याचा: सामान्यरूप कसं सरळ होतं. बंगलोचं मात्र बंगलोमध्ये, बंगलोचा, अनेकवचन थेट बंगलोज. घरातलाच मुलगा, पण परदेशी जाऊन आल्यावर उंबऱ्यात बूट काढत नाही! शिवाय 'बंगलो' बोलण्यात फारसा नाहीच. तो राहतो जाहिरातीत, 'बंगलो प्लॉट्स' आणि 'रो बंगलो'च्या फलकांवर. मंत्र्यांना मिळतो तो बंगलाच, साहेब मुक्कामाला उतरायचे तो डाकबंगलाच.

लहान असेल तर बंगली. हा नाजूक शब्द बोलण्यातून जवळपास गेला, याचं मला जास्त वाईट वाटतं.

कोणी विचारेल, मग अंधेरीचं 'सात बंगला' कसं? सात बंगले हवं ना? 'सात रस्ता'ही तसंच. आकडा आणि नाम मिळून एकदा ठिकाणाचं नाव झालं की ते एकच. कंडक्टरकडे 'सात बंगले' मागून बघा, तो क्षणभर तुमच्या तोंडाकडे बघेल.