जुन्या लाकडी फर्निचरला नवा रंग: काय केलंत, काय बिघडलं?

खणांचं टेबल, कपाट, ड्रेसर, खुर्च्या... घरातल्या बाकीच्या सामानाशी मेळ बसावा म्हणून जुनं फर्निचर ज्यांनी स्वतः रंगवलंय, त्यांनी कृपया इथे सविस्तर लिहावं. कितव्या नंबरचा पॉलिश पेपर, रंगाचे किती हात (थर), दोन हातांत किती वेळ, आणि बिघडलं तर कशामुळे. सुरुवात मी करते; खाली * नंतर इतरांची उत्तरं.

सगळ्यात आधी जुना थर कशाचा आहे ते ओळखा. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर दाबून धरा. थर चिकट झाला आणि बोळा तपकिरी झाला, तर ते चपड्याचं (लाखेचं) फ्रेंच पॉलिश. स्पिरिटला दाद देत नाही पण एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने विरघळतो, तो लॅकर. दोन्हींनी काहीच झालं नाही, तर बहुधा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. फ्रेंच पॉलिश घट्ट बसलेलं असेल तर सगळं खरवडायची गरज नसते, २२० नंबरने चमक घालवली की पुरतं. पीयूवर मात्र १५० ने नीट घासल्याशिवाय प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) धरत नाही. घाईत वरवर घासलं की महिन्याभरात कोपऱ्यांवरून पोपडे निघतात.

*

घासण्याच्याही आधी धुणं. हा क्रम उलटा झाला की कागदाबरोबर मेण आणि मळ लाकडाच्या रेषांत आणखी आत जातो. आधी टर्पेंटाइनने मेण काढायचं. फडकं सारखं बदलत राहा, नाहीतर तेच मेण इकडून तिकडे फिरतं. मग सौम्य डिटर्जंटचं पाणी, मग दोनदा साधं पाणी, तेही पिळलेल्या फडक्यानं. एक दिवस पूर्ण सुकू द्या.

फवाऱ्याच्या फर्निचर पॉलिशमध्ये पुष्कळदा सिलिकॉन असतं. त्याचा अंश उरला तर ओला रंग डोळ्यांदेखत मागे सरतो आणि मोहरीएवढे गोल खड्डे पडतात. त्यावर दुसरा हात मारून ते बुजत नाहीत. तो थर काढा, पुन्हा धुवा, चपड्याचा पातळ हात द्या आणि मगच रंग लावा.

*

एक गोष्ट कळकळीनं सांगते. पॉलिश नसून जुना ऑइलपेंट असेल, तर त्यात शिसं असू शकतं. तपासणी केल्याशिवाय कोरडं घासू नका आणि हीट गन तर अजिबात लावू नका. शिसं निघालंच तर वॉटर पेपरने ओलं घासा, खाली प्लास्टिक अंथरा आणि चिखल पुसून बंद पिशवीत भरा. कापडी मास्क इथे उपयोगाचा नाही, पी१०० फिल्टरचा घ्या. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत. पाळणा किंवा मुलांची खुर्ची असेल तर शंकेला जागाच ठेवू नका.

*

पांढऱ्या किंवा फिक्या रंगाबद्दल लिहितो, कारण बहुतेकांचं काम इथेच फसतं.

महोगनी, ओक, सागवान अशा लाकडांत रंगद्रव्यं असतात. पाण्यात मिसळायच्या रंगातलं पाणी ती वर ओढतं. पहिला हात सुकताना पिवळट-गुलाबी डाग उमटतात, माणूस दुसरा हात देतो, डाग पुन्हा वर येतात. पाच हात दिले तरी तेच, कारण दर हाताबरोबर नवं पाणी आत जातंय. उपाय एकच: मध्ये डाग अडवणारा थर. चपड्यावर बेतलेला प्रायमर, किंवा मेण काढलेल्या चपड्याचे स्पिरिटमधले दोन पातळ हात. साधा चपडा नको, त्यातल्या मेणावर वरचा रंग नीट चिकटत नाही. गाठींवर एक हात जास्त. सागवान तेलकट असतं, म्हणून प्रायमरच्या लगेच आधी ॲसिटोनने पुसून घ्यावं.

परीक्षा सोपी आहे. प्रायमरनंतर वितभर जागेवर रंग लावून रात्रभर ठेवा. सकाळी जागा स्वच्छ दिसली तरच पुढे जा.

*

व्हिनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) असेल तर घासायचं मशीन बाजूला ठेवा. कडांना ते क्षणात फाटतं आणि खालचं वेगळं लाकूड दिसू लागतं. हातानं, १८० पासून, रेषांच्या दिशेनं घासा. फुगलेली जागा बोटानं ठोकली की पोकळ वाजते. तिथे रेषेच्या दिशेनं चीर द्या, सिरिंजने पातळ केलेला फेव्हिकॉल सोडा, वर प्लास्टिक आणि वजन ठेवा, दुसऱ्या दिवशी काढा. तुटलेल्या कडेला साधी पुट्टी (लांबी) टिकत नाही, दोन भागांची इपॉक्सी पुट्टी भरा.

*

खणांच्या बाजू आणि सरकपट्ट्या रंगवू नका. प्रायमर आणि दोन हातांनी जाडी वाढते आणि खण अडकतो. तिथे मेणबत्ती घासली की झालं. मुठी बदलायच्या असतील तर आधी दोन भोकांतलं मध्य ते मध्य अंतर मोजा. जुन्या मुठी पुष्कळदा ३ इंची, म्हणजे ७६ मिमी असतात. हल्लीच्या ९६ किंवा १२८ मिमी. जुळत नसतील तर भोकं रंगाआधीच बुजवा. बिजागरीचे स्क्रू सैल असतील तर भोकात गोंद लावलेल्या बारीक काड्या ठोका आणि सुकल्यावर स्क्रू पिळा.

*

रंग किती लागतो? ९० सेमी रुंद, ८० उंच, ४५ खोल अशा ड्रेसरची वरची, पुढची आणि दोन्ही बाजू मिळून पावणेदोन-दोन चौरस मीटर होतात. लिटरमागे १० चौरस मीटर धरले तर दोन हातांना अर्धा लिटर पुरून उरतो. चार इंची फोम रोलरने लावा, कोपऱ्यांना ब्रश. दोन हातांमध्ये ३२० चा हलका कागद फिरवून धूळ पुसा. ओघळ येतात ते जाड हातामुळे. खणांच्या पुढच्या फळ्या शक्यतो आडव्या ठेवून रंगवा.

छटा डब्यावरून ठरवू नका. पुठ्ठ्यावर दोन हात देऊन तो त्याच जागी उभा करा, दिवसा आणि रात्रीच्या दिव्यातही बघा. पिवळ्या दिव्यात राखाडी रंग हिरवट दिसू शकतो. वरची फळी चांगल्या लाकडाची असेल तर ती पॉलिशचीच ठेवून फक्त खालचा सांगाडा रंगवणं मला जास्त पटतं. जडावकाम असलेल्या वस्तूला तर रंग लावूच नये.

*

सुकणं वेगळं आणि पिकणं वेगळं. ॲक्रिलिक एनॅमल दोन तासांत हाताला लागत नाही, पण पुरतं कडक व्हायला तीन-चार आठवडे जातात. तोवर फुलदाणी, पुस्तकं ठेवली तर ती चिकटतात आणि उचलताना रंगासकट निघतात. खणही या काळात रात्री बोटभर उघडे ठेवा. वर काच टाकायची असेल तर महिना थांबून, चार कोपऱ्यांना रबरी टिकल्या लावून मगच ठेवा.