साहित्य घेतलं की इंग्रजी सुधारतं?

एका ताईंनी विचारलंय, मुलीचं इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून तिला बी.ए.ला इंग्रजी साहित्य घ्यायला लावावं का. या हिशेबाने तरी लावू नका, असं माझं स्पष्ट मत.

नागपूर विद्यापीठात अनिवार्य इंग्रजी वेगळं आणि इंग्रजी साहित्य वेगळं. साहित्यात नाटक, कविता, कादंबरी, समीक्षेच्या संज्ञा. भाषा येतेच, असं तिथं धरून चालतात. नाही आली की पोरं सीताबर्डीवरून गाईड आणतात, सारांश घोकतात आणि मूळ कविता न वाचताच पास होतात. (मार्कही बरे पडतात, हा भाग निराळा.)

लिहिणं सुधारतं ते कोणीतरी वहीवर लाल खुणा केल्यावर. भरगच्च वर्गात ते कठीणच. म्हणून प्रवेशाआधी प्राध्यापकांना एवढंच विचारा: वर्षभरात मुलांकडून किती लिहून घेता, आणि तपासून परत देता का?

वाचनासाठी घरी 'हितवाद' लावा. १९११ साली सुरू झालेला, आपल्या नागपूरचाच इंग्रजी पेपर. गावातली बातमी आधीच माहीत असते, त्यामुळे अनोळखी शब्दांचा अर्थ संदर्भाने लागतो. पहिल्यांदा शब्दकोश न उघडता वाचायचं, दुसऱ्यांदा अडलेलं बघायचं, मग मजकूर झाकून चार वाक्यांत स्वतः लिहायचं.

आणि तिला गोष्टी-कवितांचीच ओढ असेल, तर साहित्य बिनधास्त घेऊ द्या. फक्त गाईड घरात आणू नका जी.