व्हिसा संपतोय म्हणून लग्न उरकून टाकावं का? (दोघंही मुलगे, दोघंही भारतीय, अमेरिकेत)

धाकट्याची_ताई

सरळ मुद्द्यावर येते. माझा धाकटा भाऊ टेक्सासात आहे, एमएस करून स्टेम ओपीटीवर (विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेल्यांना डिग्रीनंतर मिळणारी नोकरीची परवानगी) नोकरी करतोय. आधीचे १२ महिने आणि नंतरचे २४ असं सगळं मिळून जूनमध्ये संपतंय आणि एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत यंदाही नंबर लागलेला नाही. त्याचा पार्टनर मराठीच आहे, एच-१बीवर, ग्रीन कार्डची फाईल अजून पर्मच्या, म्हणजे कामगार खात्याच्या मंजुरीच्या, टप्प्यावर. दोघं चार वर्षं एका घरात राहतायत, लीज दोघांच्या नावावर, गाडीचा इन्शुरन्स एकत्र, किराण्याच्या यादीवरून भांडणं पण होतात, म्हणजे संसारच आहे.

माझं म्हणणं एवढंच की काउंटी क्लार्ककडे जा, लायसन्स काढा, टेक्सासात ७२ तास थांबावं लागतं तेवढं थांबा, लग्न करा आणि ओपीटी संपल्यावर जे ६० दिवस मिळतात ते संपायच्या आत एच-४ साठी (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आय-५३९ हा स्टेटस बदलायचा फॉर्म टाका. भाऊ म्हणतो असं घड्याळ लावून लग्न नाही करायचं मला.

मला हे अजिबात पटत नाही. आपल्याकडे मुलगा तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येतो, पोरगी बघतो, लग्न लागतं आणि हळद उतरायच्या आत तिला स्टॅम्पिंगच्या लाईनीत उभी करतात, तेव्हा कोणी विचारत नाही की बाबा हे व्हिसासाठी का प्रेमासाठी. मग चार वर्षं एकत्र राहिलेल्या ह्या दोघांनाच का शुद्धतेची परीक्षा?

मतं सांगा. फक्त "असले संबंध" वगैरे सुरू करू नका, तो ह्या धाग्याचा विषय नाहीये.

लॉटरीग्रस्त

ताई, राग मानू नका पण मी तुमच्या भावाच्या बाजूने. तुम्ही एच-४ म्हणताय ते बोलायला सोपंय. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. वर्क परमिट मिळतं, पण कधी, तर पार्टनरचं आय-१४० (पर्मनंतरचा कंपनीचा ग्रीन कार्डचा अर्ज) मंजूर झालं की. आणि तुम्हीच म्हणताय की ते लोक अजून पर्मला आहेत, म्हणजे मंजुरीपर्यंत वर्ष-दीड वर्ष धरून चला, जास्तच. तोपर्यंत तीन वर्षं पगार कमावलेला मुलगा घरी बसून काय करणार, कुकरच्या शिट्ट्या मोजणार? आणि पार्टनरचा जॉब गेला तर त्याच्याबरोबर ह्याचंही स्टेटस जातं, दोघांना मिळून तेच ६० दिवस. टेक्सासात ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत पण स्टेटसच्या तारखेशी बांधलेली असते, फॉर्म पेंडिंग असताना त्या ऑफिसात जाऊन बघा काय सर्कस चालते ती. ज्या गावात दूध आणायला गाडी लागते तिथे लायसन्सशिवाय माणूस म्हणजे नजरकैद.

माझी बायको दोन वर्षं एच-४ वर घरी होती. आमचं लग्न टिकलं, पण त्या दोन वर्षांबद्दल आम्ही घरात फार बोलत नाही.

कागदी_वाघ

भावना बाजूला ठेवून कागदाचं सांगतो.

लग्नाला मान्यता मिळेल का हा प्रश्नच नाहीये. २६ जून २०१३ ला विंडसर खटल्यात सुप्रीम कोर्टाने लग्न म्हणजे फक्त स्त्री-पुरुषाचं असं म्हणणारं डोमा कायद्याचं कलम उडवलं, तेव्हापासून इमिग्रेशनवाले एकच बघतात, लग्न जिथे झालं तिथल्या कायद्याने वैध आहे की नाही. त्यामुळे एच-४, एफ-२ (विद्यार्थ्याच्या जोडीदाराचा व्हिसा), ग्रीन कार्डचा डिपेंडंट, सगळीकडे नवरा-बायकोला लागतात तेच नियम.

आता खरी मेख. देशात राहण्याला फार किंमत आहे. १९ सप्टेंबर २०२५ चा नव्या एच-१बीवर १ लाख डॉलर फी लावणारा तो आदेश आठवतोय ना, त्यावर इमिग्रेशन खात्याने नंतर खुलासा केला की आत असलेल्या माणसाचं स्टेटस बदलून एच-१बी होत असेल तर ती फी लागत नाही. म्हणजे भाऊ एच-४ वर तिथेच राहिला आणि पुढच्या लॉटरीत लागला, तर कंपनी नेहमीच्या खर्चात त्याला घेऊ शकते. भारतात जाऊन बसला तर त्याच मुलासाठी कंपनीला १ लाख डॉलर मोजायची वेळ येईल, कोण मोजतंय? घरी बसणं वाईट आहे हे मान्य, पण दार उघडं ठेवून घरी बसणं आणि दार लावून बाहेर जाणं ह्यात फरक आहे.

आणि एच-४ वर फुल टाइम शिकता येतं. एच-४ वर गेलेला काळ एच-१बीच्या सहा वर्षांत धरत नाहीत. आय-५३९ पेंडिंग असताना देश सोडायचा नाही, सोडला की अर्ज मेला.

स्पष्टवक्ता

उद्या सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता देणारा २०१५ चा निकाल फिरवला तर? मग लग्न पण गेलं, एच-४ पण गेला.

कागदी_वाघ

@स्पष्टवक्ता नोव्हेंबर २०२५ मध्ये तसा प्रयत्न झाला होता, समलिंगी जोडप्यांना लायसन्स नाकारणाऱ्या केंटकीच्या त्या क्लार्कबाईंचं अपील कोर्टाने ऐकायलाच घेतलं नाही. आणि समजा उद्या फिरवला, तरी डिसेंबर २०२२ चा रिस्पेक्ट फॉर मॅरेज अ‍ॅक्ट आहे, झालेलं लग्न केंद्र सरकारला मानावंच लागेल. भीती दाखवायची तर जरा अभ्यास करून दाखवा.

मॅपल_वारी

अमेरिका अमेरिका काय लावलंय? कॅनडात लग्नाची अटच नाही, १२ महिने सलग एकत्र राहिल्याचा पुरावा दिला की कॉमन लॉ पार्टनर, दोघांचा एकच पीआर (कायम राहण्याचा) अर्ज, दोघांना एकाच दिवशी पीआर. समलिंगी लग्न २००५ पासून कायदेशीर. लीज आहे, इन्शुरन्स आहे, अजून काय हवं? भावाला घड्याळ लावून लग्न नको असेल तर हा रस्ता त्याच्यासाठीच बनलाय.

लॉटरीग्रस्त

@मॅपल_वारी ह्या गप्पा २०१९ च्या आहेत. मार्च २०२५ मध्ये जॉब ऑफरचे पॉइंट काढून टाकले. तिथला अनुभव असणाऱ्यांच्या निवडीच्या ड्रॉचा कटऑफ सुद्धा पाचशे पॉइंटच्या वर जातो, बाहेरून अर्ज करणाऱ्याला कोण विचारतो? २०२३ च्या जुलैत एच-१बीवाल्यांसाठी १०,००० ओपन वर्क परमिट काढली होती तर दोन दिवसांच्या आत संपली. फ्रेंच येत असेल तर गोष्ट वेगळी, त्यांचा कटऑफ बराच खाली असतो. येतं का भावाला फ्रेंच?

धाकट्याची_ताई

फ्रेंच नाही येत. मोडी वाचता येते, त्याचे पॉइंट असतील तर सांगा.

उपाशी_पीएचडी

ब्रिटनचं कोणी बोललं नाही म्हणून. हाय पोटेन्शियल व्हिसा आहे, त्यांच्या यादीतल्या विद्यापीठातून गेल्या पाच वर्षांत डिग्री घेतली असेल तर नोकरी नसताना पण दोन वर्षं जाता येतं, पार्टनरला डिपेंडंट म्हणून नेता येतं, लग्न नसलं तरी दोन वर्षांचं नातं दाखवलं की चालतं. फक्त त्यावरून थेट पीआर नाही, मध्ये दुसऱ्या व्हिसावर उडी मारावी लागते आणि तिथे पगाराची अट वाढवून ठेवलीय. शिवाय पार्टनरने एच-१बी आणि ग्रीन कार्डची रांग सोडायची, हे त्याला विचारलंय का कोणी? सगळा धागा भावाबद्दल चाललाय.

शंकासुर

असायलम, म्हणजे आश्रय, का नाही घेत सरळ? भारतात लग्नाला मान्यता नाही, एवढं कारण पुरे.

कागदी_वाघ

@शंकासुर नाही पुरत, आणि कृपया हा सल्ला कोणाला देऊ नका. मान्यता नसणं वेगळं आणि छळ वेगळा. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधून समलिंगी संबंधांचा गुन्हा काढल्यावर भारतातून आलेल्याची केस त्याच्या स्वतःच्या अनुभवावर उभी राहते, मारहाण, धमक्या, घरच्यांनी कोंडणं, पोलिसांनी ऐकून न घेणं, असं काही. आल्यापासून एका वर्षात अर्ज करायचा असतो, स्टेटसमध्ये असलेल्यांना थोडी सूट मिळू शकते ती वेगळी. ज्याच्यावर खरंच बेतलंय त्याने जरूर करावा, त्याच्यासाठीच आहे तो. पण "व्हिसा संपला म्हणून" केलेला अर्ज म्हणजे खोटं लिहायला सुरुवात, आणि त्यानंतर आईला भेटायला भारतात गेलात की केसचं काय होईल ते कळेलच.

परतलेली

सगळं वाचलं. मी वेगळ्याच बाजूने बोलते, कारण लग्न कसं करायचं हे सगळे सांगतायत, मोडलं तर काय हे कोणी सांगत नाहीये.

मी आणि माझी तेव्हाची पार्टनर, न्यूयॉर्कला सिटी क्लार्ककडे लग्न केलं, कारण अगदी हेच, माझा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) संपत होता. वाईट नव्हतं ते, त्या दिवशी आम्ही खरंच खूश होतो. पुढे दोघी भारतात आलो, दोन वर्षांनी वेगळ्या झालो. आता माझं लग्न इथल्या कायद्याच्या लेखी झालेलंच नाही, समलिंगी लग्नाला मान्यता नाकारणाऱ्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतर तर काही आशाच नाही, त्यामुळे इथलं फॅमिली कोर्ट घटस्फोट देऊ शकत नाही. तिकडे घ्यायचा तर दोघींपैकी एकीने वर्षभर न्यूयॉर्कला राहून दाखवायचं. टेक्सासात पण सहा महिने राहण्याची अट आहेच. म्हणजे अमेरिकेच्या फॉर्मवर मी विवाहित आणि भारतातल्या फॉर्मवर अविवाहित, आणि दोन्हीकडे खरंच लिहिते. कॅलिफोर्नियाने ह्यावर सोय केलीय, तिथे लग्न केलेल्या समलिंगी जोडप्याला राहतात तिथे घटस्फोट मिळत नसेल तर कॅलिफोर्निया देतं, तिथे राहत नसलात तरी. कॅनडात पण तशी तरतूद आहे. तेव्हा ताई, करायचंच असेल तर टेक्सासच्या क्लार्ककडे धावू नका, विमानाचं तिकीट काढा आणि कॅलिफोर्नियात करा. तिथे ७२ तास थांबावंही लागत नाही.

आणि परत येणं म्हणजे काही हार नाही. बँकेत जॉइंट अकाउंट उघडता येतं, ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थखात्याने तसं स्पष्ट केलंय. घरमालक मात्र अजून "दोघी बहिणी का?" असंच विचारतो.

स्पष्टवक्ता

लग्नाआधीच घटस्फोटाची सोय बघायची? छान.

परतलेली

@स्पष्टवक्ता इन्शुरन्स काढता ना गाडीचा? ठोकायचीच म्हणून काढता का?

इनबॉक्स_शून्य

एक गोष्ट राहिली. घरी सगळ्यांना माहीत आहे का? विचारण्याचं कारण, एच-४ आत राहून मिळाला तरी पासपोर्टवर स्टॅम्प नसतो, एकदा भारतात आला की परत जायला कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून सूट जवळपास बंद केलीय आणि तिसऱ्या देशात जाऊन स्टॅम्प करायची पळवाटही बंद. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ वाल्यांना सोशल मीडिया अकाउंट पब्लिक ठेवायला सांगतात. म्हणजे बघा हं, ज्या मुलाने सहा वर्षं इन्स्टा लॉक करून ठेवलंय कारण आत्या-मावश्या फॉलो करतात, त्याने ते नेमकं भारतात असताना उघडायचं. अधिकारी बघेल तेव्हा बघेल, मावशी आधी बघेल.

आणि मुलाखतीत विचारतात की लग्नाला कोण कोण होतं, फोटो दाखवा. बाकीच्यांकडे आठशे लोकांचा अल्बम असतो, ह्यांच्याकडे क्लार्कच्या काउंटरसमोरचा एक सेल्फी. लीज, बँक स्टेटमेंट, चार वर्षांचे प्रवासाचे बुकिंग हे सगळं आत्तापासून एका फोल्डरमध्ये जमवा.

धाकट्याची_ताई

@इनबॉक्स_शून्य आईला माहीत आहे, बाबांना नाही. हे इन्स्टाचं मला खरंच माहीत नव्हतं, धन्यवाद. तरी माझं मत बदललेलं नाही. बाबांना आज ना उद्या कळणारच आहे, आणि ते जाहीर करायला अमेरिकन सरकारची मदत होत असेल तर होऊ दे. @परतलेली, कॅलिफोर्नियाचं लक्षात घेतलं, तुमच्याबद्दल वाईट वाटलं पण इतकं स्पष्ट लिहिलंत म्हणून बरं झालं.

@लॉटरीग्रस्त तुम्ही घरी बसण्याचं म्हणालात ते मी टाळत नाहीये, पण पर्याय काय? डे वन सीपीटी (कॉलेजात नाव घालून पहिल्या दिवसापासून नोकरी)?

लॉटरीग्रस्त

डे वन सीपीटी नको, पुढे एच-१बीच्या वेळी त्यावरून प्रश्नावली येते. खरा पर्याय पीएचडी. दुसऱ्या एमएसला नवीन ओपीटी मिळत नाही, पीएचडीला वरची डिग्री म्हणून मिळतं, स्टेमची वाढीव मुदत पण आयुष्यात दोनदा घेता येते. स्वतःच्या पायावर, स्वतःच्या स्टेटसवर. लग्न मग हवं तेव्हा करा, सूर्यास्ताला समुद्रकिनारी करा.

उपाशी_पीएचडी

पाच वर्षं तुटपुंज्या स्टायपेंडवर जगायचं कारण "व्हिसा" असेल तर तिसऱ्या वर्षी माणूस गाईडवर ओरडतो. मी ओरडलोय. लग्नाचं घड्याळ परवडलं.

कागदी_वाघ

पीएचडीला जायचं तरी सेविस (विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) ट्रान्सफर त्याच ६० दिवसांत करावी लागते, तिथे वेगळी मुदत नाही. दोन्ही तयारी बरोबरच चालू द्या. आणि पार्टनरला म्हणावं, एचआरच्या मागे लागून पर्म कुठे अडकलंय ते लेखी विचार. आय-१४० लवकर झालं तर ह्या धाग्यातला अर्धा वाद संपतो. परमिट मिळालं की नूतनीकरण मात्र सहा महिने आधीच टाकायचं, ३० ऑक्टोबर २०२५ पासून आपोआप मुदतवाढ बंद झालीय.

धाकट्याची_ताई

एचआरचं आजच सांगते. भाऊ कॅलिफोर्नियाला नाही म्हणाला नाही, फक्त "तिकडे तिकीट किती आहे बघ" म्हणाला.

लॉटरीग्रस्त

म्हणजे पीएचडी गेली.

परतलेली

मंगळवार-बुधवारचं बघा, स्वस्त पडतं. आणि सर्टिफाइड कॉपी चार-पाच काढून घ्या एकदमच, नंतर पोस्टाने मागवायचा वैताग आहे.