बाबांचा नंबर बंद केला आणि... (अनुभव धागा)

पारवा
आज कपाट आवरताना बाबांचा जुना फोन हाती लागला. चार्जिंगला लावला तर सुरू झाला की! ते गेल्यावर महिन्याभरात मी त्यांचं सिम बंद करून टाकलं होतं, बिल कशाला भरायचं म्हणून. मग कळलं, बँक, ईमेल, विमा, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर. वहीत पासवर्ड होते, पण उपयोग शून्य. पुढचे सहा महिने नुसते हेलपाटे. कुणावर असं गुदरलंय का? लिहा.

रानजाई
आईचा नंबर बंद केला, तो कंपनीने पुढे दुसऱ्याला दिला. एक दिवस ‘आई’ नावापुढे अनोळखी माणसाचा फोटो. पैशांचं सोडा, पोटात कालवलं.

पारवा
अगं 😔

टिपकागद
बाबांच्या लॉगिनने व्यवहार करायचाच नसतो, बँकेला कळवून वारस म्हणून दावा करायचा. पण खाती कुठे कुठे आहेत हे कळायला ईमेल लागतंच. गुगलमध्ये २०१३ पासून ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे, ॲपलने डिसेंबर २०२१ मध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ आणलं. आपल्यामागे कुणाला काय मिळावं ते आत्ताच नोंदवता येतं. मी कालच बायकोचं नाव घातलं.

उंबरठा
माझा तर चालू नंबर गेला. दुपारी रेंज गेली, वाटलं टॉवरचा प्रॉब्लेम असेल. कुणीतरी माझ्या नावाने नवीन सिम काढलं होतं, रात्रीपर्यंत खातं साफ. २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचंही खातं नंबर पळवूनच ताब्यात घेतलं होतं, मग आपलं काय! रेंज अचानक गेली तर थांबू नका, दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला विचारा. आता जमेल तिथे ऑथेंटिकेटर ॲप वापरतो. लॉगिनचा कोड एसएमएसने न येता फोनमध्येच तयार होतो, सहसा ३० सेकंदांनी बदलतो, सिमचा संबंध नाही.

रानजाई
आणि फोनच हरवला तर?

उंबरठा
रिकव्हरी कोड, म्हणजे फोन नसताना लॉगिन करायला खात्यातून आधीच घेऊन ठेवायचे कोड, कागदावर लिहून ठेवायचे. कागद घरात, फोनपासून लांब.

सांजवेळ
थोडं अवांतर. ॲप काढून टाकलं की वर्गणी थांबते असं वाटायचं मला. दोन वर्षं पैसे कापले जात होते!! स्टोअरमध्ये जाऊन वेगळी रद्द करावी लागते.

रानजाई
आत्ता बघितलं, माझ्या दोन चालू आहेत. बाळ उठलं, नंतर येते.

टिपकागद
पारवा, इतक्या वर्षांनी चार्ज करताय, बॅटरी फुगली नाही ना? रात्रभर लावून ठेवू नका.

पारवा
बरं झालं बोललात, मागचं झाकण उचललंय खरं. काढला लगेच. तेवढ्यात बाबांचे फोटो मात्र मिळाले, ४१ आहेत.