मदत हवी आहे: पदवीचा जीपीए ३.१० असताना अमेरिकेत मेडिकलला प्रवेश कसा मिळवावा?

नमस्कार. माझ्या मुलीने या मे महिन्यात न्यू जर्सीतील एका सरकारी विद्यापीठातून जीवशास्त्राची पदवी घेतली. तिला डॉक्टर व्हायचे आहे आणि तिचा चार वर्षांचा सरासरी जीपीए (४ पैकी श्रेणींची सरासरी) ३.१० आहे. अमेरिकेत एमडीला (इथे ती पदवीनंतर घ्यायची डॉक्टरकीची मूळ पदवी असते) प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या जवळपास असतो हे मला ठाऊक आहे. त्यामुळे ‘आशा सोडू नका’ यापेक्षा अधिक नेमका सल्ला मिळावा, या अपेक्षेने हा धागा काढते आहे. मुलीची परवानगी घेतली आहे. तिला मराठी वाचता येते, तेव्हा प्रतिसाद तीही वाचेल.

सारा घोळ आकड्यांचाच असल्याने आधी ते सांगते. पहिल्या वर्षी २.४, दुसऱ्या वर्षी २.८, तिसऱ्या वर्षी ३.४ आणि चौथ्या वर्षी ३.८, असा तिचा प्रवास आहे. दरवर्षी ३० क्रेडिट. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित या विषयांची सरासरी प्रवेशासाठी वेगळी काढतात, ती २.९ आहे. एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा एकदाच दिली, ५०९ गुण मिळाले. गावाच्या स्वयंसेवी रुग्णवाहिका पथकात ती दोन वर्षे ईएमटी (तातडीची वैद्यकीय मदत देणारी प्रशिक्षित कर्मचारी) म्हणून रात्रपाळ्या करते आहे. डॉक्टरांसोबत शॅडोइंग (सोबत राहून त्यांचे काम पाहणे) मात्र जेमतेम ६० तासांचे झाले आहे.

पहिली दोन वर्षे का बिघडली, याचे एकच ठळक कारण मला देता येत नाही. घरात आजारपण नव्हते आणि पैशांची मोठी अडचणही नव्हती. शाळेत न अभ्यासता ‘ए’ मिळवणारी मुलगी तीनशे जणांच्या वर्गात जाऊन बसली, तिला अभ्यास कसा करायचा हेच येत नव्हते आणि कुणाला विचारायची लाज वाटत होती. मूल कॉलेजात गेले की त्याची गुणपत्रिका त्याच्या संमतीवाचून पालकांना सहसा दाखवायची नाही, असा १९७४ चा कायदा इथे आहे. त्यामुळे शाळेत असताना रोज पोर्टल उघडून बसणाऱ्या आम्हा दोघांना खरी परिस्थिती तिसऱ्या वर्षी कळली. ‘प्री-मेड’ नावाची वेगळी शाखा असते आणि तिच्यात प्रवेश मिळाला म्हणजे निम्मे काम झाले, असाही माझा समज होता. प्रत्यक्षात ती शाखा नसून नुसता मनसुबा असतो, हे कळायला मला तीन वर्षे लागली.

मी स्वतः कराडला बी.फार्म. केले. आमच्या वेळी एखादा विषय राहिला तर एटीकेटी मिळे, पुढच्या खेपेस तो सोडवला की विषय संपला. पुढे कुणी त्याचे नाव काढत नसे. इथे तसे नाही, हे मला फार उशिरा समजले. मुलीला ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पहिल्या भागात ‘डी’ मिळाली. तिने तो विषय पुन्हा घेऊन ‘बी प्लस’ मिळवली. विद्यापीठाने जुनी श्रेणी सरासरीतून वगळली, म्हणून त्यांच्या गुणपत्रिकेवर ३.१७ दिसते आणि ते पाहून आम्ही निर्धास्त होतो. परंतु एमडीचे बहुतेक अर्ज ज्या एएमसीएएस या सामायिक सेवेतून जातात, ती दोन्ही प्रयत्न मोजते. ऑस्टिओपॅथिक म्हणजे डीओ कॉलेजांची (डीओ ही एमडीसारखीच डॉक्टरकीची दुसरी पदवी) एएसीओएमएएस ही सेवा पूर्वी नंतरचीच श्रेणी धरत असे, पण २०१७ पासून तिथेही दोन्ही धरतात. म्हणजे एटीकेटी सुटली तरी इथे ती कायम हिशेबात राहते.

पोस्ट-बॅक म्हणून पदवीनंतर वर्षभर विज्ञानाचे विषय घ्यावेत, असे तिच्या सल्लागारांनी सुचवले. मी कागदावर हिशेब मांडला. तिने आणखी ३० क्रेडिट घेऊन सर्वांत ‘ए’ मिळवली, तरी ३.१० चे ३.२८ होतात. ती सारी क्रेडिट विज्ञानाची असली, तर आधीच्या ६० क्रेडिटचे २.९ वाढून ३.२७ होतात. वर्षभराची मेहनत आणि हजारो डॉलर खर्चून हाती आलेली वाढ पाहून माझा धीर खचला.

दुसरा पर्याय स्पेशल मास्टर्स प्रोग्रॅमचा, ज्याला सगळे एसएमपी म्हणतात. जॉर्जटाउनचा असा अभ्यासक्रम जुना आणि प्रसिद्ध आहे, फिलाडेल्फियाच्या पीकॉम या ऑस्टिओपॅथिक कॉलेजातही बायोमेडिकल सायन्सेसची मास्टर्स पदवी आहे. यांपैकी कोणता मार्ग धरावा, हा माझा मुख्य प्रश्न आहे. यंदाचे अर्ज आत्ता सुरू आहेत, तेव्हा जून संपण्याआधी एकदा अर्ज करून पाहावा असे तिच्या वडिलांचे म्हणणे आहे, कारण त्यांच्या मते प्रयत्न करण्यात काही जात नाही. ते खरे आहे का? ५०९ वर थांबावे की एमकॅट पुन्हा द्यावी? आणि पहिल्या दोन वर्षांबद्दल निबंधात लिहावे की गप्प राहावे?

सांगलीला माझ्या सासऱ्यांनी नीटची चौकशी सुरू केली आहे, तेही सांगून ठेवते. मुलगी ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) असल्याने २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे तिला कदाचित एनआरआय जागांसाठीच स्पर्धा करता येईल. नीट, मग साडेपाच वर्षांचे एमबीबीएस आणि मग परत येऊन यूएसएमएलई ही इथली परवाना परीक्षा व रेसिडेन्सीची (पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची) मॅच म्हणजे जागावाटप, असा तो वळसा आहे. जिला रुग्णसेवा इथेच करायची आहे तिच्यासाठी तो मला पटत नाही. तेव्हा चर्चा इथल्याच पर्यायांवर व्हावी, ही विनंती.

प्रतिसाद १

ताई, मी पेनसिल्व्हेनियात इंटर्नल मेडिसिनमध्ये काम करतो आणि माझा स्वतःचा पदवीचा जीपीए ३.२ होता, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला आहे. एएमसीएएसच्या अर्जात नुसती एक सरासरी जात नाही. पहिल्या वर्षापासून चौथ्या वर्षापर्यंत प्रत्येक वर्षाची ओळ वेगळी असते आणि पोस्ट-बॅकची ओळही वेगळी असते. प्रत्येक ओळीत विज्ञान, इतर विषय आणि एकूण असे तीन रकाने असतात. २.४, २.८, ३.४, ३.८ आणि त्याखाली पोस्ट-बॅकचे ४.०, हा जिना समिती एका नजरेत पाहते. काही कॉलेजांत संगणकाची चाळणी आधी लागते आणि ३.० किंवा ३.२ च्या खालचे अर्ज माणसाच्या हाती पोहोचतच नाहीत, हे खरे आहे. म्हणूनच ३.१० चे ३.२८ होणे दिसायला क्षुल्लक असले, तरी काही ठिकाणी दार उघडण्यापुरते पुरते.

एसएमपीचे गुण पदव्युत्तर ओळीत जातात, त्याने पदवीची सरासरी एका शतांशानेही हलत नाही. तिथे बऱ्याचदा एमडीच्या पहिल्या वर्षाचेच विषय, कधी त्यांच्याच परीक्षांसह, घ्यावे लागतात. त्यात उत्तम गुण मिळाले तर ‘ही मुलगी मेडिकल झेपवील’ याचा याहून सबळ पुरावा नाही. मात्र तिथे ‘बी’ आणि ‘सी’ आल्या तर पुढे सांगण्यासारखे काही उरत नाही. शिवाय एसएमपी महाग असतात. २०२५ च्या कायद्याने ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केले आहे आणि मास्टर्ससाठीच्या सरकारी कर्जाला वर्षाला २०,५०० डॉलरची मर्यादा घातली आहे. मेडिकलसाठीही ती वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर आहे. त्यामुळे मेडिकलच्या आधीच्या वर्षात किती पैसे घालायचे, हा विचार पूर्वीपेक्षा अधिक गंभीरपणे करावा लागेल.

मुलीचा विज्ञानाचा जीपीए २.९ असताना मी आधी पोस्ट-बॅकच निवडीन, तेही घराजवळच्या सरकारी विद्यापीठात. त्यासाठी नावाजलेला अभ्यासक्रम लागत नाही; पदवी झालेला विद्यार्थी म्हणून सुटे विषय घेता येतात. बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, सेल बायॉलॉजी, इम्युनॉलॉजी असे वरच्या पातळीचे विषय घ्यावेत. जिथे ‘बी’ आहे तो विषय पुन्हा घेण्यात वर्ष घालवू नये, पण ‘सी’च्या खाली गेलेला पूर्वअटीचा विषय शिल्लक असेल तर तो आधी उरकावा. एसएमपी ही त्यानंतरची पायरी, तीही गरज पडली तर.

प्रयत्न करण्यात काही जात नाही, हे मात्र साफ चूक आहे. आत्ता अर्ज केला तर समितीला पोस्ट-बॅकची ओळ रिकामी दिसेल. पुढच्या वेळी तीच कॉलेजे ‘मागच्या अर्जानंतर काय बदलले?’ असे विचारतात. सामायिक अर्जानंतर प्रत्येक कॉलेज वेगळे मागवते ते दुय्यम निबंध आणि त्यांचे शुल्क यांत उन्हाळा व दोन-तीन हजार डॉलर सहज जातात, ते वेगळेच. पुढच्या वर्षी मे महिन्यात अर्ज भरून सादर करण्याची मुभा मिळताच पाठवावा, कारण बहुतेक कॉलेजे अर्ज येतील तसे वाचत जातात आणि ऑगस्टमध्ये पोहोचलेला ३.२८ चा अर्ज जूनमधल्या त्याच अर्जाहून दुबळा ठरतो.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. त्यात भर म्हणून डीओ कॉलेजांबद्दल लिहिते, कारण माझा भाचा त्याच वाटेने गेला. तिथे प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.६ च्या आणि एमकॅट ५०४ च्या आसपास असते. म्हणजे तुमच्या मुलीचे ५०९ तिथे जमेची बाजू ठरते. २०२० पासून एमडी आणि डीओ यांच्या रेसिडेन्सीची मान्यता एकाच संस्थेकडे आहे. न्यू जर्सीत स्ट्रॅटफर्डला डीओ कॉलेज आहे, फिलाडेल्फियाचे पीकॉम तर १८९९ पासून चालू आहे. डीओ डॉक्टरांसोबत थोडे शॅडोइंग करून त्यांच्यापैकी एकाचे शिफारसपत्र अवश्य घ्यावे.

आमच्या घरी भाच्याच्या आजोबांनी ‘म्हणजे होमिओपॅथीसारखे का?’ असे विचारले होते. त्यांना अध्यक्ष ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत व्हाइट हाउसचे डॉक्टर असलेले शॉन कॉन्ली हे डीओ होते असे सांगितले, तेव्हा त्यांचे समाधान झाले. तुमच्या सासऱ्यांसाठी उपयोगी पडेल.

प्रतिसाद ३

कुणीतरी कॅरिबियन बेटांवरच्या मेडिकल कॉलेजांचे नाव काढीलच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. माझा मुलगा तिकडच्या एका कॉलेजात गेला. कॉलेजाचे नाव देत नाही. प्रवेश तीन आठवड्यांत मिळाला आणि आम्ही पेढे वाटले. त्याच्या सोबत सुरू केलेल्यांपैकी कितीतरी जण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस वर्गात नव्हते आणि त्यांची कर्जे मात्र होती. मुलगा तगला आणि आज फॅमिली मेडिसिनमध्ये आहे, पण मॅचच्या आधीचे सहा महिने घरात कुणाला धड झोप नव्हती. तिकडे जाण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: सुरुवातीला जितके दाखल झाले, त्यांपैकी किती जण ठरलेल्या वर्षांत पदवीधर होऊन रेसिडेन्सीला लागले? ‘मॅचला बसलेल्यांपैकी किती’ हे उत्तर दिले जाईल. ते या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

प्रतिसाद १ यांच्याकडून पुन्हा

दोन प्रश्न राहिले होते. एमकॅट आत्ता पुन्हा देऊ नये. ५०९ ही प्रवेशितांच्या सरासरीपेक्षा दोन-तीन गुणांनीच कमी आहे आणि पुन्हा देऊन ५०७ आले तर तेही सर्वांना दिसते. पोस्ट-बॅकमध्ये बायोकेमिस्ट्री होऊ द्यावी, सराव परीक्षांत सातत्याने ५१४ च्या वर गुण येऊ लागले तरच पुढच्या एप्रिलमध्ये बसावे. जुने गुण किती वर्षे चालतात हे प्रत्येक कॉलेजाचे वेगळे असते, बहुधा दोन ते तीन वर्षे. ते एमएसएआर या मेडिकल कॉलेजांच्या प्रवेश-माहितीच्या संकेतस्थळावर पाहावे.

पहिल्या दोन वर्षांबद्दल गप्प राहू नये, पण मुख्य निबंध त्यावर खर्चू नये. बरीच कॉलेजे दुय्यम अर्जात शैक्षणिक अडचणींविषयी स्वतंत्रपणे विचारतात, तिथे चार-पाच वाक्यांत लिहावे. ताई, तुम्ही वर जे लिहिले आहे, की तिला अभ्यास करता येत नव्हता आणि विचारायची लाज वाटत होती, तेच लिहावे. आजारपणाची ओढूनताणून आणलेली कहाणी समितीने शेकडो वेळा वाचलेली असते. मात्र नंतर नेमके काय बदलले तेही तिथेच यावे: कुणाकडे गेली, दिवस कसा आखला, कोणते काम सोडले. हे मात्र तिनेच सांगायला हवे. तुम्हाला ते ठाऊक असेल असे मला वाटत नाही.

धागाकर्ती

आपणा सर्वांचे मनापासून आभार. शेवटचे वाक्य वाचून मी मुलीला विचारले आणि मला खरोखरच ठाऊक नव्हते. दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत ती ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांकडे गेली होती आणि पुढचे वर्षभर दर मंगळवारी त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून गणिते सोडवत असे. शिफारसपत्र त्यांचेच घ्यायचे असे तिने ठरवले आहे, ‘डी’ त्यांनीच दिलेली असूनही.

यंदा अर्ज करायचा नाही, हे तिच्या वडिलांनाही पटले आहे. ऑगस्टपासून ती बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी आणि सेल बायॉलॉजी घेते आहे. रुग्णवाहिकेच्या पाळ्या आठवड्याला दोनवरून एकीवर आणल्या आहेत. आता एकच विचारायचे आहे: मध्य न्यू जर्सीत विद्यार्थ्यांना शॅडोइंगची परवानगी देणारे कुणी डीओ डॉक्टर परिचयाचे असतील, तर कृपया मला व्यक्तिगत संदेश पाठवावा. फोन तीच करील.